खरवसाच्या वेळी मी बरोबर होतो

आखाडा, राणीसावरगाव
१२ जून २०२५

चि. सौ. कावेरीस अनेक आशीर्वाद.

पोस्टमन दारात बघून दचकली असशील. घाबरू नकोस, इकडं सगळे धडधाकट आहेत. मोबाईल मी बंद करून ज्वारीच्या कोठीत टाकलाय, म्हणून पत्र. झालं असं की, तुझी वहिनी, धुरपता, आणि मी जेवताना फवारणीच्या पंपाबद्दल बोललो. कुणी बटण दाबलं नाही, कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मोबाईल उघडला तर पंपच पंप. आपलं बोलणं ऐकणारी वस्तू उशाशी घेऊन मी झोपणार नाही. मोबाईल बंद करायच्या आधी आपल्या पोराला, महारुद्रला, पुण्याला तसं कळवलं. तो हसला. हसू दे.

खरी हकीकत पुढं आहे. शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्या कडूबाईची गाय व्याली. पहिला चीक एकट्यानं खायचा नाही ही आपली रीत, तुला ठाऊकच आहे. तिनं खरवस करून आसपासच्या सगळ्या घरांत वाटला. आम्हीही खाल्ला, वेलदोडा घालून झकास झाला होता. आठवडा उलटायच्या आत गाय हंबरायला लागली, तोंडाला फेस, पाण्याजवळ जाईना, मेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार.

मग काय विचारतेस! जीपा भरभरून माणसं गंगाखेडला इंजेक्शनं घ्यायला. कडूबाई तर रडत दारोदार माफी मागत फिरली. मी पण गेलो, पण आधी डॉक्टरांना विचारलं, "चीक शिजवून खाल्लाय. शिजलेल्या दुधातून हा रोग झालेला एक तरी माणूस तुम्ही बघितलाय का?" ते म्हणाले, "घेतलेलं बरं, तसा आदेश आहे." आता आदेश आहे हे काय उत्तर झालं? मी तसाच परत आलो. धुरपतानंही घेतलं नाही. बघ, आज कुणालाही काही झालेलं नाही.

आणि एक सांगू? महारुद्र पुण्याला गेल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. खताचं दुकानदाराला विचारतात, पावसाचं मोबाईलला. आता संध्याकाळी गावातला भुजंग आणि चार माणसं आखाड्यावर येऊन बसतात आणि म्हणतात, "दादा, तुमाला काय वाटायलंय?" बरं वाटतं गं. गंगाखेडला शिकवणी घेणारा योगीराजही येतो. हुशार माणूस आहे. तो म्हणतो, कुठलीही गोष्ट घ्या, एकच प्रश्न विचारा. फायदा कुणाचा?

गोविंदरावांना नमस्कार. तब्येत कळव.

तुझा
चंद्रभानदादा

*

पाथरी
२१ जून २०२५

तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

मोबाईल ज्वारीत घातलास हे छान केलंस. आता ज्वारीतले सोंडकिडे काय बोलतात ते तो ऐकत बसेल. पण तुझं अक्षर किती वर्षांनी बघितलं! अजून तसंच आहे, प्रत्येक शब्द भांडायला उभा.

यांचं तसंच आहे. उजवी बाजू अजून हलत नाही. भरवावं लागतं, कूस बदलावी लागते, म्हणून मला घर सोडून कुठं जाता येत नाही. नाहीतर खरवसाची भानगड ऐकायला मी स्वतःच आले असते.

यांना बघायला डॉक्टर येतात, त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, उकळलेल्या दुधातून, शिजलेल्या खरवसातून हा रोग होत नाही. म्हणजे तू बरोबर. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि तरीही त्या रांगेत मुकाट्यानं उभी राहिले असते, हे कबूल करते. खूश?

आता बहिणीचं ऐक. तू दुधाबद्दल प्रश्न विचारलास, त्याला उत्तर होतं आणि ते तपासता येत होतं. तुझ्या योगीराजचा प्रश्न तसा नाही. फायदा तर प्रत्येक गोष्टीत कुणाचा ना कुणाचा होतोच. एसटी उशिरा आली की स्टँडवरच्या चहावाल्याचा फायदा होतो. म्हणून काय तो गाडी पंक्चर करतो? दूध शिजलेलं होतं म्हणून सुईची गरज नव्हती, एवढंच तू सिद्ध केलंस. सुई खोटी आहे असं नाही. या दोन गोष्टींत घोळ घालू नकोस. आणि संध्याकाळी आखाड्यावर येऊन योगीराजचा काय फायदा, तेही त्याला एकदा विचार.

वहिनीला म्हणावं, दोन ओळी तिच्याही येऊ देत. तू तिचं म्हणणं लिहितोस तेव्हा ते तुझंच असतं.

तुझी
कावेरी

*

आखाडा, राणीसावरगाव
२९ जुलै २०२५

चि. सौ. कावेरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवलं. "तू बरोबर" एवढं दोनदा वाचलं. चहावाल्याचं वाचलं तेव्हा योगीराज म्हणाला, तुमची बहीण सरकारी नोकरीत होती, तिला पेन्शन आहे, ती असंच म्हणणार. मला ते आवडलं नाही, पण खोडताही आलं नाही.

आता माणसं वाढली आहेत. राजेश्री म्हणून अंगणवाडीची बाई आहे, फक्त ती उठून गेली. बाकी रोज येतात. बसायला मी दोन बाजा आणखी टाकल्या. आता काय काय बाहेर येतंय ते ऐक. पाऊस येणार असतो, आभाळ भरतं आणि विमान गेलं की ढग फाटतात. भुजंगनं तीनदा बघितलं. परभणीच्या बाजूनं येतं आणि लातूरकडं जातं. पाऊस कुणाला नको असेल? ज्यांच्या गोदामात सोयाबीन भरून ठेवलंय त्यांना. हे मी म्हणत नाही, हिशोबच तसा लागतो. मग बियाणं. ते उगवलं नाही की औषध त्यांचंच, औषध चाललं नाही की दुसरं औषध त्यांचंच. सगळं एका सुतात बसतं. एकदा सूत हातात आलं की झोप लागत नाही बघ. आजवर जे जे बिघडलं, ते का बिघडलं हे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते आता कळायला लागलंय.

(विमानांचा नकाशा मी वेगळ्या कागदावर काढून सोबत जोडलाय. तारखा भुजंगनं दिल्या.)

आणि कुत्री. कुठल्यातरी शहरातली कुत्री गाडीत घालून आणतात आणि आपल्या फाट्यावर सोडतात, हे तर डोळ्यांनी बघितलेले लोक आहेत. आता बघ, आधी कुत्री सोडायची, मग सुया द्यायच्या. योगीराज म्हणतो, याहून सरळ पुरावा कोणता हवा?

मला ठाऊक आहे तू तोंड वाकडं करशील. कर. खरवसाच्या वेळीही सगळ्यांनी केलं होतं.

तुझा
दादा

मागच्या बाजूला लिहितोय, जागा संपली. त्या सोडलेल्या कुत्र्यांतलं एक पिलू आपल्या आखाड्यावर आलं होतं. धुरपता त्याला भाकरी घालायची. परवा त्यानं भाकरी सोडून तिचं बोट धरलं, रक्त आलं. हळद भरली. पिलू तेव्हापासून दिसलं नाही. ती म्हणते, "आवं, एकडाव दवाखान्यात जाऊन येऊत की." मीच जर तिला घेऊन सुईला गेलो तर संध्याकाळी या माणसांना काय तोंड दाखवू? पण तू शिकलेली आहेस. तू म्हणशील तसं करू. तिलाही तसं सांगितलंय.

*

पाथरी
५ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप दादास नमस्कार.

सोबत राखी आहे. वहिनीच्या हातून बांधून घे.

तुझं पत्र विमानापर्यंत वाचलं आणि घडी घालून ठेवलं. खरं तेच सांगते. यांना भरवायचं होतं, अंथरूण ओलं झालं होतं, त्यात तुझी विमानं. तो नकाशा बघून मला रडायला आलं. दादा, मला तू दहावीची भूमिती शिकवलीस. प्रत्येक पायरीला "कशावरून?" विचारायचास. आता तुझ्या नकाशातल्या एकाही रेघेला तू कशावरून विचारलेलं नाहीस. पाऊस न पडलेल्या दिवशी विमान बघितलं ते भुजंगनं लिहून ठेवलं, पाऊस पडला त्या दिवशी विमान गेलं की नाही हे कुणी बघितलं?

मला आता या गोष्टींना उत्तर द्यायला त्राण नाही. विमानं, ढग, गोदामं, यातलं काहीही पुन्हा लिहू नकोस. घरचं लिही. वहिनी काय करते, ज्वारी किती पेरायची, महारुद्रला मुलगी बघितली का. तसं लिहिलंस तर वाचीन.

तुझी
कावेरी

*

आखाडा, राणीसावरगाव
२६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. कावेरीस आशीर्वाद.

राखी मिळाली. धुरपतानं बांधली. तुझ्या पत्रानं मन दुखावलं, म्हणून उत्तराला उशीर केला. भूमितीचं तू लिहिलंस ते मी कुणाला वाचून दाखवलं नाही. रात्री एकटाच पुन्हा वाचलं.

घरचंच लिही म्हणालीस, तर घरचं. पाऊस बरा आहे. सोयाबीनला शेंगा धरल्या. महारुद्र दिवाळीला येईन म्हणतो.

पिलाचं तू काहीच लिहिलं नाहीस. धुरपता तुझ्या पत्राची रोज वाट बघत होती. पोस्टमन गेला की विचारायची, "कावेरीताईनं काय लिवलंय?" तुझं पत्र आल्यावर मी तिला म्हणालो, "काही नाही म्हणते. काळजीचं कारण नाही." तू काळजीचं असतं तर लिहिलंच असतंस, असा मी अर्थ घेतला. ती खुरपं घेऊन शेतात गेली. जखम कधीच भरली. आता फक्त त्या हाताला मुंग्या येतात म्हणते, खुरपणीनं येत असतील. दोन दिवस जेवणावर वासना नाही.

तू रागावू नकोस. तुझं म्हणणं मला लागतं, पण "कशावरून" असं तूच एक विचारतेस.

तुझा
दादा

*

पाथरी
३० ऑगस्ट २०२५

दादा,

जिथं बसून हे वाचतोयस तिथून ऊठ आणि वहिनीला गाडीत घाल. आत्ता. चप्पल शोधत बसू नकोस.

पिलाचं मी वाचलंच नव्हतं. तुझं पत्र कपाटातून काढून आज मागची बाजू वाचली. मी काही लिहिलं नाही याचा अर्थ काळजी नाही असा नव्हता. मला माहीतच नव्हतं. ऐकतोयस ना? मला माहीत नव्हतं.

भुजंगला सकाळपासून फोन लावतेय. दुपारी लागला. मी सगळं सांगितलं, हात जोडून सांगितलं. तो आखाड्यावर जाऊन आला आणि म्हणाला, "ताई, दादा म्हणायलेत, मोबाईलात कुणाचाबी आवाज काढता येतोय. तुमीच हाव कशावरून? लिहून आलं तरच मानीन म्हणायलेत." दादा, आवाज काढता येतो हे खरं आहे. पण हा माझा होता.

म्हणून हे लिहून स्टँडवर ड्रायव्हरच्या हातात देतेय, तो परभणीला गंगाखेडच्या गाडीत देईल. महारुद्रला पुण्याला फोन केलाय, तो निघालाय. अक्षर बघ. माझंच आहे. वहिनीला पाणी पिता येतं का ते बघ. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग की कुत्रं चावलंय. लाजू नकोस. दादा, तुझ्या पाया पडते.

कावेरी

*

आखाडा, राणीसावरगाव
२२ सप्टेंबर २०२५

कावेरी,

गोविंदरावांना शेजारणीवर सोपवून तू तेराव्याला आलीस, बायकांत बसलीस, संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. आपण एक शब्द बोललो नाही. महारुद्र तर माझ्याकडं बघतही नाही. जाताना त्यानं आईचं लुगडं बॅगेत घातलं आणि गेला. म्हणून लिहितोय.

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलं. अक्षर बघितलं आणि भुजंगची जीप बोलावली. धुरपताला सकाळपासून चहा गिळवत नव्हता. घसा धरलाय असं मी म्हणत होतो. जीप सुरू झाली, वारं लागलं, तर तिनं तोंडावर पदर गच्च ओढला आणि ओरडली, "काच लावा! काच लावा!" वाऱ्याला भ्यायली होती. इतक्या वर्षांत मी तिला कशाला भिताना बघितलं नव्हतं. गंगाखेडला डॉक्टरांनी पाण्याचा पेला समोर धरला आणि लगेच मागं घेतला. मग मला बाहेर बोलावून विचारलं, "कुत्रं चावलं तेव्हा का नाही आलात?" रागानं विचारलं असतं तर भांडलो असतो. ते हळू विचारत होते.

पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं ती गेली. मधे मधे ती अगदी शुद्धीवर यायची, गायीला पेंड घातली का विचारायची. हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता माणसं पुन्हा यायला लागली आहेत. योगीराज म्हणतो, वहिनी धडधाकट चालत गेल्या, दवाखान्यात काय टोचलं ते विचारा. सगळे माना हलवतात. भुजंग म्हणतो, "दादा, तुमी न्यायलाच नको व्हतं." मी त्यांना थांबवत नाही. ते ऐकताना तेवढ्यापुरतं बरं वाटतं. दवाखान्यानं मारलं असेल तर मी मारलं नाही. रात्री मी ते सूत पुरं करून बघतो. पुरं होतं गं. सगळंच त्यात बसतं, हीच भीती वाटते.

तुला एकच विचारतो. पिलू चावलं त्याच दिवशी नेलं असतं तर ती वाचली असती का? हो की नाही एवढंच लिही. कोण जाणे, नशीब, वेळ आली होती, असलं काही लिहू नकोस. तेराव्याला ते सगळे बोलून गेले.

दादा

*

पाथरी
२८ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझं पत्र आल्यापासून मी तीनदा "सांगता येत नाही" असं लिहिलं आणि फाडलं. तसं लिहिलं असतं तर तुला झोप लागली असती. मलाही लागली असती, कारण त्यात माझंही पान आहे, न वाचलेलं.

हो. त्या दिवशी जखम साबणानं धुऊन, दवाखान्यात जाऊन सगळ्या सुया घेतल्या असत्या तर वहिनी वाचली असती. मी दोन डॉक्टरांना विचारलं, पुस्तकात बघितलं. तू विचारायचास तसं, कशावरून, कशावरून, असं शेवटपर्यंत विचारलं. उत्तर बदललं नाही. तुझं पत्र मी पुरतं वाचलं असतं आणि त्याच दिवशी लिहिलं असतं, तरीही बहुतेक वाचली असती.

दवाखान्यात पोचली तेव्हा मात्र कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. तिथं तिला कुणी मारलं नाही. हेही तितकंच खरं आहे, आणि तू योगीराजला हे सांगायला हवंस.

महारुद्र सांगत होता, तू तिला शेवटी हातानं भरवत होतास, तिची लाळ पुसत होतास. तुझ्या हाताला शेतातल्या चिरा असतात. महारुद्रनं पुण्याला सुया घेतल्या. तूही जा. मी तुला क्षमा वगैरे काही लिहीत नाही, ती माझ्याकडं नाही. पण तू राहायला हवास.

कावेरी

*

आखाडा, राणीसावरगाव
१६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. कावेरीस आशीर्वाद.

तुझं "हो" वाचलं. मग गंगाखेडला गेलो.

सुया देतात त्या खोलीत गर्दी नव्हती. एक मुलगी बसली होती, ईश्वरी नाव होतं तिच्या बिल्ल्यावर. तिनं बाही वर करायला सांगितली. सुई एवढीशी, बोटाच्या पेरापेक्षा लहान. टोचलेलं कळलंही नाही. मी म्हणालो, "झालं?" ती म्हणाली, "झालं, बाबा." पुढच्या सुयांच्या तारखा लिहून दिल्या, पैसेही घेतले नाहीत. बाहेर येऊन बाकावर बसलो. जीपवाला दोनदा बोलावून गेला. मला उठवेना. एवढंच होतं, कावेरी. एवढंच होतं.

घरी येऊन मी संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. माझं चुकलं, तुमची वहिनी माझ्यामुळं गेली, कुत्रं चावलं तर त्याच दिवशी पळा. विमानांचा नकाशा त्यांच्यासमोर चुलीत घातला. मग योगीराज म्हणाला, "दादांना दवाखान्यात कुणीतरी गाठलेलं दिसायलंय." हसला नाही, वाईट वाटल्यासारखं म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून आखाड्यावर कुणी येत नाही. बाजा भुजंगनं त्याच्या ओट्यावर नेल्या. बैठक आता तिथं असते.

गेल्या आठवड्यात भुजंगच्या पोटरीला कुत्रं चावलं. फाट्यावरचंच. कडूबाईनं येऊन मला सांगितलं, मी जेवण टाकून धावलो. तो म्हणाला, "दादा, तुमीच सांगितलं व्हतं ना, फायदा कुणाचा बघायचा?" मी म्हणालो, मी चुकलो होतो. तो म्हणाला, "तवा बरोबर व्हता, आता चुकायलाव." मी तुझं पत्र दाखवलं. त्यानं पेन्शनीचं काढलं. राजेश्रीबाईला घेऊन गेलो, तिला त्याच्या बायकोनं आतच घेतलं नाही. महारुद्रला फोन करायला सांगितला तर आवाज खोटा म्हणाला. जे जे मी त्याला शिकवलं होतं, ते सगळं तो नीट शिकलाय.

जखम खोल आहे. अजून वेळ आहे असं ती ईश्वरी म्हणते, पण लवकर आणा म्हणते. मी रोज सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. तो चहा देतो, साखर पुरेशी आहे का विचारतो. मग मी म्हणतो, "भुजंगा, चल की रे." तो हसतो आणि माझ्या पाठीवर हात ठेवतो, वहिनी गेल्यापासून दादांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं बायकोला सांगतो. आणि तिथून मला उठता येत नाही.

तुझा
दादा